डाव्या हाताची वीण

एमालियाने पहिल्यांदा चटईला हात लावला तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि तो हात डावा होता. चूक म्हणाल तर एवढीच. पण होओकेना गावातल्या त्या घरात एवढी चूकही खपत नव्हती. त्या घरच्या, हाला नावाच्या केवड्यासारख्या झाडाच्या पानांच्या चटया बेटाच्या अख्ख्या कोना किनाऱ्यावर नावाजलेल्या, आणि चटयांवर राज्य आंटी मेलेआनाचं.

आंटी मेलेआना म्हणजे एमालियाच्या बापाची थोरली बहीण. तिचा नवरा जहाजावर गेला तो परत आलाच नाही. तो येणार नाही हे कळलं तेव्हा दोन दिवस ती आतच पडून राहिली, तिसऱ्या दिवशी ओसरीवर विणायला बसली, आणि त्यानंतर त्या ओसरीवर तिच्या शब्दापुढे कोणाचा शब्द गेला नाही. भावजया, पुतण्या, शेजारणी, सगळ्या तिच्यापुढे गप्प. एमालियाचा बाप होडीत बसून वादळाला शिव्या द्यायचा, पण बहिणीने नुसतं वळून पाहिलं की त्याला अचानक जाळं दुरुस्त करायचं आठवायचं.

विणायचं ते सकाळीच. हवेत ओल असते तोवर पान ऐकतं. ऊन चढलं की कडक होतं आणि ओढलं की चिरतं. म्हणून उजाडताच पाच जणी एका ओळीत मांडी घालून बसायच्या आणि पाचही जणींच्या पुढ्यात एकच चटई वाढत जायची. त्या दिवशी एमालियाची आई हाना तिला म्हणाली, "बस गं माझ्याशेजारी. बघू तरी, येतं का."

एमालिया बसली. पानांच्या पट्ट्या हातात घेतल्या. दोन वर, दोन खाली, दोन वर, दोन खाली. चार बोटं वीण झाली आणि तिला वाटलं, अरे, हे तर सोपं आहे. तेवढ्यात आंटी मेलेआना ओळीवरून नजर फिरवत तिच्यापर्यंत आली आणि थांबली.

"हे कोणी केलं?"

"मी."

आंटीने चटईवरून बोट फिरवलं. उजव्या हाताने विणलं की त्या दोन-दोनच्या विणीच्या रेघा एका अंगाला कलतात. डाव्याने विणलं की दुसऱ्या. पाच जणींच्या रेघा एका दिशेने निघालेल्या आणि कडेला एमालियाच्या रेघा त्यांच्या अंगावर चालून आलेल्या. आंधळ्यालाही बोटाने कळेल असा तो सांधा होता.

"हा हात बाजूला ठेव. दुसऱ्याने कर."

एमालियाने उजव्या हाताने करून पाहिलं. दोन पट्ट्या फाटल्या, तिसरी सुटली. "दुसऱ्याला येत नाही," ती म्हणाली.

"मग पानं आण," आंटी म्हणाली, आणि ती चार बोटं वीण स्वतः उसवून टाकली.

झालं. पुढची कित्येक वर्षं एमालियाच्या नशिबी पानं आली. सोपं काम नाही ते, करून बघावं. झाडाखाली गळून पडलेली पानं वेचायची. दोन्ही कडांना काटे, पाठीच्या शिरेवर काटे. ओल्या फडक्याने धूळ पुसायची, काटे नखाने सोलून काढायचे, पान बोटांवरून ओढून ओढून मऊ करायचं, मग सगळ्या पानांचे देठ एका बाजूला ठेवून गुंडाळी करायची. एक जरी पान उलटं गेलं तरी पट्ट्या फाडताना घोटाळा. एमालियाच्या हातांवर ओरखडे असायचे आणि चुलतबहीण लुईका, जी तिच्याच वयाची आणि उजव्या हाताची, ओळीत ऐटीत बसलेली असायची.

"एमालिया, जरा रुंद पानं आण गं," लुईका म्हणायची. "आणि लवकर. आम्ही खोळंबलोय."

"तुझं तोंड खोळंबू दे थोडं," एमालिया म्हणायची. पण पानं आणायची. आणि अशी आणायची की कोणाला नाव ठेवायला जागा नाही. लांबीला लांबी, रंगाला रंग. तिने मनाशी ठरवलं होतं की या ओळीत बसायचंच. कसं ते तिला ठाऊक नव्हतं, पण बसायचं हे नक्की.

विणकाम शिकायचं ते शिकवणारीच्या शेजारी बसून, अशी तिथली रीत. तिचा उजवा तो आपला उजवा. एमालिया शेजारी बसून पाहायची आणि डोक्यात सगळा गुंता व्हायचा. एकदा आंटीला पट्ट्या हातात देता देता ती समोर बसली, तोंडासमोर तोंड. आणि तिचे डोळे विस्फारले. आंटीचा उजवा हात तिच्या डाव्यासमोर होता. पाण्यात स्वतःला पाहावं तसं सगळं बरोबर जागच्या जागी. आंटीने पट्टी उचलली की एमालियाचं डावं बोट मांडीवर हलायचं.

त्या दिवसापासून ती रोज समोर बसू लागली. पट्ट्या द्यायच्या निमित्ताने. आंटी एकदा म्हणालीही, "माझ्या तोंडावर काय चिकटलंय का गं?" एमालिया म्हणाली, "नाही आंटी, पट्ट्या द्यायला बरं पडतं." अशी चार वर्षं तिने त्या दोन हातांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली आणि जे पाहिलं ते परसात, कॉफीच्या झाडांमागे, टाकाऊ पानांवर करून पाहिलं. उजवी माणसं जिथे तर्जनीने पट्टी उचलतात तिथे तिचा हात अडायचा, म्हणून तिने स्वतःची एक युक्ती काढली. अंगठ्याने वरची पट्टी दाबायची आणि करंगळीशेजारच्या बोटाने खालची उचलायची. कोणी शिकवली नव्हती, हातालाच सुचली.

चौदाव्या वर्षी तिने टोपी विणली. टोपीची सुरुवात माथ्याच्या मधोमध होते, तिला बेंबी म्हणतात, आणि बेंबी बिघडली की टोपी गेली. एमालियाची बेंबी नाण्यासारखी गोल आली होती. ती टोपी तिने आंटीपुढे ठेवली.

आंटीने उलटून पाहिली, सुलटून पाहिली, काठ ताणून पाहिला. "कोणी शिकवलं?"

"तुम्ही. समोर बसून पाहिलं."

आंटीने बेंबीवर अंगठा फिरवला. मग टोपी परत देत म्हणाली, "चांगली आहे. टोप्या कर. टोपी एका हाताची असते. चटई सगळ्यांची असते, तिला तुझा हात चालायचा नाही."

दुसरी कोणी असती तर एवढ्यावर खूश झाली असती. एमालियाने टोप्या केल्या, आणि अशा केल्या की वरच्या रस्त्यावरच्या मोरिताच्या दुकानात टोप्यांच्या बदल्यात तांदूळ आणि रॉकेल घ्यायला ती गेली की मोरिता न विचारता ओळखायचा. "ही वळण उलटं असलेली. ही आधी जाते," तो म्हणायचा. पण टोपीने तिचं पोट भरलं, मन नाही. ओसरीवर पाच जणी ओळीने बसलेल्या दिसल्या की तिचं डावं बोट आपोआप हलायचं. इतकी वर्षं गेली तरी हलायचं.

तिने सोलोमोनाशी लग्न केलं. साधा, हसरा माणूस. डोंगरउतारावर थोडी कॉफी, एक होडी. "हिच्याशेजारी बसून एका वाडग्यातून अळवाच्या कंदाची पोई खाऊन दाखवा," तो लोकांना सांगायचा. "हिचं डावं कोपर आणि माझं उजवं, रोज लढाई." तिच्या लग्नाची चटई घरच्या बायकांनी विणली. पानं तिने स्वतः आणली. नवरीनेच आपल्या चटईची पानं आणलेली तेव्हा पहिल्यांदाच कोणी पाहिली.

लग्नाच्या चटईची त्या घरात एक रीत होती. थोरलीने सुरुवात करायची आणि शेवटची कड बंद होईपर्यंत तिचा हात त्या चटईत असायला हवा. तिच्याशिवाय एक ओळसुद्धा पुढे जायची नाही. मधेच थोरलीचा हात सुटला तर ती चटई नवरानवरीच्या अंगाखाली जात नाही, संपलं.

एमालियाची लेक नोएलानी हिचं लग्न ठरलं तेव्हा एमालिया एक्केचाळीसची होती आणि आंटी मेलेआना पंच्याहत्तरीच्या घरात. एमालिया ओसरीवर गेली आणि उभ्यानेच म्हणाली, "आंटी, ही माझ्या मुलीची चटई आहे. मी बसणार."

"पानं आणलीस ना?"

"आणली. आता बसणार."

"कुठे बसशील? तुझी रेघ कोणाच्या रेघेला लागणार? मुलीच्या पाठीखाली सांधा बोचेल."

"एका कडेला बसेन. एक वीतभर द्या."

"वीतभरही नाही," आंटी म्हणाली, आणि पट्टी ओढली.

लुईका ओळीतून हसली. तीही आता दोन मुलांची आई, पण जीभ तीच. "अगं एमालिया, तू आमच्यासाठी कॉफी कर. डाव्या हाताने ढवळलेली चालेल."

एमालियाने कॉफी केली नाही. ती आंटीच्या समोर बसली, तोंडासमोर तोंड, लहानपणी बसायची तशी, आणि रोज सकाळी येऊन बसू लागली. हूं नाही की चूं नाही. लुईकाला त्या बसण्याचाच ताप झाला. "हिला सांगा ना कोणीतरी," ती म्हणायची. कोणी सांगितलं नाही.

चटई निम्मी झाली आणि एका सकाळी आंटीच्या उजव्या हातातून पट्टी गळाली. तिने उचलली. पुन्हा गळाली. तिने हाताकडे अशा रागाने पाहिलं जसं लुईकाकडे पाहायची, आणि मग ती कलंडली. समोर एमालियाच होती, तिनेच सावरलं.

वरच्या गावातून डॉक्टर आला. लकवा आहे म्हणाला. जीव वाचेल, उजवं अंग परत येईल असं धरून चालू नका. तोंड थोडं वाकडं झालं होतं, शब्द जड यायचे, पण डोळे तसेच, कोणाला न सोडणारे.

लग्नाला तीन आठवडे होते. बायका ओसरीवर जमल्या आणि निम्म्या चटईभोवती बसून राहिल्या. लुईका म्हणाली, "आता ही गुंडाळून ठेवू. नोएलानीला गोधडी देऊ, छान मोठी. आजकाल मुलींना तेच आवडतं."

आतल्या खोलीतून आवाज आला. "नाही." एकच शब्द, पण चटई गुंडाळायला कोणी धजावलं नाही.

एमालिया आत गेली. आंटी पलंगावर बसलेली, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. एमालिया तिच्या उजव्या बाजूला बसली.

"आंटी, तुमचा डावा हात शाबूत आहे."

"डावा," आंटी म्हणाली. वाकड्या तोंडाने तिने तो शब्द थुंकला. "डावा काय करणार?"

"माझा काय करतो?"

आंटीने मान फिरवली. एमालिया उठली नाही. "डावा तुमचा चालवा, पट्ट्या धरायला उजवा माझा. चटईत हात तुमचाच राहील. नाहीतर माझ्या मुलीची चटई या घरात कुजेल, आणि ती तुमच्या हट्टाने कुजली हे मी लग्नात सगळ्यांना सांगेन. मला सांगायला लाज वाटणार नाही."

आंटीने डावा हात तिच्यापुढे धरला. "मला बाहेर ने."

दोघी ओसरीवर बसल्या, मांडीला मांडी लावून. एमालियाने सगळ्यांना लांब बसवलं. ती सांगायची, "ही वर, ही खाली," आणि आंटीचा डावा हात चाचपडायचा. पहिल्या दिवशी बोटभर झालं. एमालियाने पाहिलं आणि म्हणाली, "सैल आहे. उसवा." ओळीतल्या बायका जमिनीकडे बघू लागल्या, कारण आंटी मेलेआनाला उसवा म्हणणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. आंटीने उसवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उसवलं. तिसऱ्या दिवशी दोन बोटं टिकली.

चौथ्या दिवशी एमालिया सांगायला तोंड उघडणार तोच आंटीचा हात पुढे गेला. अंगठ्याने वरची पट्टी दाबली, करंगळीशेजारच्या बोटाने खालची उचलली. सर्रकन. मग पुन्हा. मग पुन्हा. हात थांबेचना.

एमालियाने पट्ट्या सोडल्या. "हे मी तुम्हाला दाखवलं नव्हतं."

आंटीचा हात थांबला.

"हे उजव्या हाताचं कोणी करत नाही. हे फक्त डाव्या हाताला सुचतं. आंटी, या हाताला हे आधीच येत होतं."

आंटी समुद्राकडे बघत राहिली. मग एकेक शब्द काढत म्हणाली, "सात वर्षांची होते. आईने बांधला. कापडाने, पाठीशी. कॉफीचे दोन हंगाम. जेवतानासुद्धा सोडला नाही."

एमालियाला आधी काही कळेना. मग कळलं आणि तिच्या अंगाची आग झाली. "म्हणजे तुला ठाऊक होतं. मी नऊ वर्षांची तुझ्यापुढे बसले होते आणि तुला ठाऊक होतं."

"तुझा मी बांधला नाही."

"बांधला नाहीस. बत्तीस वर्षं ओळीच्या बाहेर बसवलंस."

"बांधण्यापेक्षा ते बरं वाटलं मला," आंटी म्हणाली. तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं. "ओळीत घेतलं असतं तर बांधावाच लागला असता. दुसरं मला काही माहीत नव्हतं."

एमालिया उठली आणि तडक किनाऱ्यावर गेली. काळ्या खडकांवर उभी राहून ती मोठ्याने रडली, आणि आंटीला, आंटीच्या आईला, त्या कापडाला, सगळ्यांना तिने मनातल्या मनात जे काय सुनवायचं ते सुनवलं. तिला दया आली होती आणि दया आल्याचाच जास्त राग आला होता. सोलोमोना होडी ओढत होता. त्याने विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "काही नाही. ऊन चढतंय," आणि परत फिरली. राग आला म्हणून पान थांबत नाही.

ओसरीवर आंटी तशीच बसली होती, पट्टी डाव्या हातात धरून. एमालियाने आपला उजवा हात पुढे केला, पट्ट्या घट्ट धरल्या. "लग्नाच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं," ती म्हणाली. "जे मला सांगितलं ते."

आंटीने मान खाली घातली. विणू लागली.

लग्नाच्या आदल्या दिवशी शेवटची कड बंद झाली. शेवटची पट्टी आंटीनेच खोचली. चटई भक्कम होती, पण मधोमध, आडवी, ती रेघ होती. अलीकडच्या विणी एका अंगाला झुकलेल्या, पलीकडच्या दुसऱ्या. केसांचा भांग पाडावा तशी स्वच्छ दिसत होती.

लग्नाच्या सकाळी बायकांनी नवीन खोलीत चटई अंथरली. नवऱ्या मुलाकडच्या बायका पाहायला आल्या होत्या, अशा वेळी येतातच. रेघेवर सगळ्यांचे डोळे गेले. कोणीतरी हळूच विचारलं, "हे इथे काय झालं?" लुईकाने घाईघाईने मोठी गोधडी उलगडली आणि चटईवर पसरली. "काही नाही, काही नाही. आंटी आजारी होत्या ना. यावर गोधडीच येणार आहे."

एमालिया दाराशी उभी होती. तिने आंटीकडे पाहिलं. आंटी खुर्चीवर बसलेली, तोंड मिटलेलं. एमालियाला वाटलं, ही बोलणार नाही. ही मरेल, पण बोलणार नाही.

आंटी पुढे वाकली. डाव्या हाताने गोधडीचं टोक धरलं आणि ओढून काढलं. मग तिने बोट त्या रेघेवर ठेवलं.

"इथपर्यंत माझ्या आईचा हात आहे," ती म्हणाली. जड जिभेने, पण प्रत्येक शब्द ऐकू गेला. "इथून पुढे माझा. सत्तर वर्षांपूर्वी बांधला होता. हिने सोडवला."

नोएलानी आईकडे बघत होती. एमालियाने डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. इतकी वर्षं तिला वाटायचं की हे ऐकलं की आपण जिंकलो असं वाटेल. तसं काही वाटलं नाही. तिला फक्त त्या सात वर्षांच्या पोरीजवळ जाऊन बसावंसं वाटलं. मग ती जाऊन आंटीच्या डाव्या हाताशी बसली.

"सोमवारी चर्चची चटई धरायची आहे," आंटी म्हणाली. "सुरुवात एमालिया करील. डाव्या नाही, उजव्या कोपऱ्यातून."

लुईका गोधडी छातीशी धरून उभी होती. "म्हणजे आम्ही सगळ्यांनी उलटं विणायचं? आंटी, या वयात आम्हाला कसं येणार?"

"येईल," आंटी म्हणाली. "मला आलं."